भय कुठे, अभय कुठे? (गीता, अध्याय १८, श्लोक ३०)



आजच्या श्लोकात भगवान सात्त्विक बुद्धी कोणती ते सांगतात. काय करावं आणि काय टाळावं हे जिला कळतं ती, एवढं आपल्या लक्षात असतं. पण त्याच श्लोकात आणखी एक जोडी आहे, भय आणि अभय, आणि तिच्यावरून आपण भर्रकन पुढे जातो. भीती म्हणजे छातीतली धडधड, असं आपण धरून चालतो. गीता मात्र ती बुद्धीच्या खात्यात टाकते. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे ओळखायचं काम बुद्धीचं.

आता हे जरा सालेकसा गावात नेऊन बघू. गोंदियाहून डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जाताना आमगावच्या पुढे हे स्टेशन लागतं. तालुका जंगलाचा, आदिवासी वस्ती मोठी. अशा ठिकाणी दहावी-बारावीचे निकाल लागले की सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. कुणी पेनड्राइव्ह पुढे करतं, कुणी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतं. नेटवरून आलेली वर्डची फाईल उघडली की वर पिवळी पट्टी. एखादा छोटा प्रोग्राम चालवायला गेलं की चौकट: हे धोक्याचं असू शकतं, पुढे जायचं का? दिवसभर हेच. मागून आवाज येतो, ‘दादा, लवकर करा ना, गाडी सुटंल.’ बोट आपोआप ‘हो’वर जातं.

यात त्या दादाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा ते इतक्या वेळा परवानगी मागायचं की कित्येकांनी ती सोयच बंद करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये विचारणं कमी करावं लागलं. प्रत्येक गोष्टीला सारखाच धोका म्हणणारा इशारा खरं तर काहीच सांगत नाही. आणि स्पष्टच बोलायचं तर, असा इशारा कधीकधी आपल्यासाठी नसतोच. तो विचारणाऱ्याच्या सोयीचा असतो. उद्या काही बिघडलं तर ‘आम्ही विचारलं होतं, तुम्हीच हो म्हणालात’ म्हणायला मोकळे!

(कुणी म्हणेल, वारंवार केल्याने लक्ष मरतं, मग जपाचं काय? जपातही बोटं पुढे आणि मन मागे राहतं, हे खरंच. पण माळ आपण होऊन हातात घेतो, तिच्यासाठी वेळ काढतो. चौकट आपल्या कामाच्या मध्ये येऊन उभी राहते.)

पण नुकसान कुणाचं होणार? ‘हो’ दाबतो एक आणि आधार नंबर, बँकेचं पासबुक, दाखला असतो दुसऱ्याच्या मुलीचा. स्वतःच्या फाईलबाबत बेफिकीर राहणं हा एक भाग. दुसऱ्याने विश्वासाने हातात दिलेल्या कागदाबाबत तसं राहणं मला वेगळं वाटतं, मग रांग कितीही लांब असो.

श्लोकातला ‘अभय’ हा शब्द मला इथे जास्त अडवतो. नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून. त्या खुणेमुळेच इशारा येतो. पण बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात त्यात ही खूण टिकत नाही. म्हणजे तीच फाईल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कम्प्युटरवर गेली की मुकाट उघडते. धोका होता तिथेच आहे, फक्त विचारणारं कुणी उरलं नाही. इशारा न येणं आणि भय नसणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

उलटही होतं. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. फोन बजावतो की हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे. पण नंबर मामाचा असतो ना! मामाचाच फोन आधी कुणाच्या ताब्यात गेलाय, हे मामालाही माहीत नसतं. आपण मामाच्या नावावर अभय धरतो आणि खऱ्या इशाऱ्याला रोजची कटकट समजतो.

मग दर वेळी घाबरायचं का? नाही, तीही सात्त्विक बुद्धी नव्हे. ज्या फाईलची खात्री आहे तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर एकदा टिक करा, तिचा प्रश्न मिटतो. सगळेच इशारे सरसकट बंद करू नका. कटकट कमी झाली की उरलेली चौकट दिसते, आणि मग क्षणभर थांबून विचारता येतं: ही फाईल मी मागितली होती का? पाठवणाऱ्याला एक फोन लावायला किती वेळ लागतो?

उद्या ३१वा श्लोक, राजस बुद्धीचा. तिला धर्म-अधर्म, कार्य-अकार्य दिसतं, पण नीट जसंच्या तसं दिसत नाही. न वाचता दाबलेला ‘हो’ मला तिथेच बसतो असं वाटतंय. तुम्हीही आज रात्री तो वाचून ठेवा.