दुसऱ्याचें वाक्य

तोंडी परीक्षेच्या वेळचा एक प्रसंग अकरा वर्षें झालीं तरी माझ्या मनांतून जात नाहीं. एक हुशार विद्यार्थी समोर बसला होता. प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्याला येत होतें हें त्याच्या डोळ्यांवरून स्पष्ट दिसत होतें. परंतु पहिल्याच शब्दाच्या पहिल्या अक्षरावर त्याची वाचा अडली. ओठ मिटले ते उघडेनात, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेजारचे परीक्षक खिडकीबाहेर पाहूं लागले. मला तें पाहवेना. मीं तो शब्द त्याच्या तोंडांतून काढून घेतला, वाक्य पुरें केलें आणि ‘असेंच म्हणावयाचें होतें ना?’ असें विचारलें. त्यानें मान हलविली. पुढचीं चार उत्तरेंहि अशींच झालीं : बोललों मी, मान हलविली त्यानें. मीं त्याला भरपूर गुण दिले आणि एका संकटांतल्या मुलाला सांभाळून घेतल्याच्या समाधानांत घरीं गेलों. दोन दिवसांनीं तो मला जिन्यावर भेटला. ‘सर, मला उत्तर येत होतें’ हें पांच शब्दांचें वाक्य त्यानें एकट्यानें पुरें केलें आणि तो खालीं उतरून गेला.

त्या दिवसापासून एक प्रश्न मला छळीत आहे. अडखळणाऱ्या माणसाचें वाक्य आपण पुरें करतों तेव्हां आपण त्याच्यावर उपकार करतों कीं त्याची एक वस्तु उचलून नेतों? माझ्या मनाची झडती घेतली तर मला कबूल केलें पाहिजे कीं, त्या वेळीं असह्य झाली होती ती त्याची यातना नव्हे, तर माझी स्वतःची अस्वस्थता. ती दहा-पंधरा सेकंदांची शांतता मला पेलली नाहीं. दयेच्या पोटीं आपला उतावळेपणा किती वेळां लपलेला असतो, हें एरव्हीं माझ्या लक्षांतहि आलें नसतें.

गेल्या वर्षीं माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, चार वर्षांच्या नातवाला बोलतांना अडखळण होऊं लागली आणि त्याला घेऊन जाण्याचें काम माझ्याकडे आलें. वाचोपचार, ज्याला आतां घरोघर ‘स्पीच थेरपी’ म्हणतात, ती मीं प्रथम तेव्हां पाहिली. माझ्या डोक्यांत डेमॉस्थेनिस होता. प्लुटार्कनें सांगितलेली, तोंडांत खडे धरून बोलण्याचा सराव करणाऱ्या त्या ग्रीक वक्त्याची कथा आमच्या पिढीनें शाळेंत ऐकलेली. खरें सांगावयाचें तर त्या कथेनें पुष्कळ मुलांचें नुकसान केलें असावें. निश्चयानें सर्व कांहीं साधतें, म्हणजे ज्याला साधत नाहीं त्याचा निश्चय कमी, असा तिचा उलटा अर्थ घरांत फार लवकर लागतो. वास्तविक तोतरेपणांत अनुवंशाचा आणि वाणीच्या हालचालींचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या रचनेचा भाग मोठा आहे, हें आज ठाऊक झालें आहे. भित्रेपणा किंवा आळस हें त्याचें मूळ नव्हे.

त्या खोलींत खडे नव्हते. एक सतरंजी होती, लांकडी आगगाडी होती आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली एक तरुण बाई होती. अर्धा तास तिनें पोराबरोबर गाडी चालविली. खेळण्यासाठीं पैसे मोजावे लागतात, हा काळाचा महिमा, असा एक वृद्धासारखा विचार माझ्या मनांत येऊन गेला. पण हळूहळू दिसूं लागलें तें निराळेंच. ती प्रश्न थोडे विचारीत होती. मूल बोलूं लागलें कीं तिचे हात थांबत, आणि तें थांबलें कीं क्षणभर जाऊं देऊन मगच ती बोले. शब्द अडला तरी तिचा चेहरा बदलत नसे. मध्येंच नातू ‘आ-आ-आ’वर अडला आणि अक्का सवयीनें म्हणाली, ‘सावकाश बोल रे बाळा.’ बाई हंसून म्हणाल्या, ‘आजी, त्याला सावकाश बोलायला सांगूं नका. तुम्ही सावकाश बोला.’ अक्काला राग आला, तो घरीं पोंचेपर्यंत टिकला. मला मात्र जिन्यावरचा विद्यार्थी आठवला.

या व्यवसायाच्या इतिहासांत एक काळें पान आहे. अमेरिकेंतल्या आयोवा विद्यापीठांत वेंडेल जॉन्सन नांवाचे अभ्यासक होते. ते स्वतः तोतरे होते. या विकाराचा उलगडा व्हावा म्हणून आपला उजवा हात प्लॅस्टरमध्यें बांधून घेण्यापर्यंत त्यांची तयारी होती. मुलाच्या सामान्य अडखळण्याला मोठीं माणसें दोष ठरवितात आणि त्या ठरविण्यांतूनच तोतरेपणा उद्भवतो, असें त्यांचें मत बनलें. तें पडताळण्यासाठीं १९३९ मध्यें त्यांच्या देखरेखीखालीं मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनें डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमांतलीं बावीस मुलें निवडलीं. त्यांतल्या सहा नीट बोलणाऱ्या मुलांना, तुमच्यांत तोतरेपणाचीं लक्षणें दिसतात, चुकीशिवाय बोलतां येत नसेल तर बोलूंच नका, अशा अर्थाचें सांगण्यांत आलें. शिक्षकांनाहि तसेंच भासविलें. त्या मुलांच्या वतीनें नाहीं म्हणावयाला कोणी आईबाप नव्हते.

या प्रयोगाचें फळ काय झालें हें नीट पाहिलें पाहिजे. पुढें तज्ज्ञांनीं तीं टिपणें तपासलीं, तेव्हां तीं मुलें खरोखर तोतरीं झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाहीं. मग बिघडलें काय? तीं मुलें गप्प झालीं. शब्द मोजूं लागलीं, वर्गांत हात वर करीनाशीं झालीं. उच्चार शाबूत राहिला आणि बोलण्याची इच्छाच मेली. हा प्रबंध कित्येक दशकें ग्रंथालयांत पडून होता. २००१ मध्यें एका वृत्तपत्रानें तो उजेडांत आणला, विद्यापीठानें क्षमा मागितली आणि २००७ मध्यें आयोवा राज्यानें भरपाई म्हणून नऊ लक्ष पंचवीस हजार डॉलर देण्याचें मान्य केलें. त्या वेळीं तीं मुलें म्हातारीं झालेलीं होतीं. ज्या माणसाला तोतरेपणाची वेदना आंतून ठाऊक होती त्याच्याच नजरेखालीं हें घडावें, याचा मला अजून नीट अर्थ लागत नाहीं. ती वेदना इतरांच्या वांट्यास येऊं नये, ही त्याची इच्छा खोटी नसावी. पण भविष्यांतल्या हजारों मुलांकडे पाहतांना समोरचीं सहा त्याला दिसलीं नाहींत.

यावरून कोणी म्हणेल कीं, मग दोषाचें नांवच काढूं नये. हाहि उतावळेपणाच होय. १९८० नंतर सिडनीच्या लिडकोंब या उपनगराच्या नांवानें ओळखली जाणारी एक उपचारपद्धति तयार झाली. तींत आईबापच रोज थोडा वेळ मुलाशीं खेळतात, शब्द सहज आला कीं कौतुक करतात आणि क्वचित्, अगदीं हलक्या हातानें, ‘हा जरा अडला’ असेंहि म्हणतात. लहान मुलांना तिचा उपयोग होतो. म्हणजे नांव घेण्यांत विष नव्हे. तें कोण, कोणत्या नात्यानें घेतो, आणि एका टोचणीमागें कौतुकाचे किती शब्द असतात, यावर सारें अवलंबून आहे. अनाथाश्रमांत नांव होतें, नातें नव्हतें.

अलीकडे याच्या अगदीं दुसऱ्या टोकाचा एक विचार ऐकूं येतो. मुलांत दोष नाहींच, ऐकणाऱ्यांनीं थांबावयास शिकावें म्हणजे झालें. माझा स्वतःचा अनुभव पाहतां मला हा विचार पटावयास हवा. पण पुरता पटत नाहीं. फाटलेल्या टाळूचें मूल घ्या. शस्त्रक्रियेनंतरहि ‘प’ आणि ‘ब’ उच्चारतांना त्याचा श्वास नाकावाटे निसटूं शकतो. त्याचें बोलणें घरांत आईखेरीज कोणास कळत नाहीं. त्याला दुकानांत पेन्सिल मागावयाची आहे. जगानें सुधारेपर्यंत तें किती वर्षें उभें राहील? मुलाला तत्त्वाचें उदाहरण करून ठेवणें, हेंच तर आयोवांत झालें होतें. लहानपणीं अडखळणाऱ्या मुलांपैकीं बहुतेकांची अडखळण आपोआप जाते हें खरें. पण कोणाची जाणार नाहीं हें ओळखण्यासाठींच जाणतें माणूस लागतें.

तें जाणतें माणूस काय दुरुस्त करीत नाहीं, हेंहि महत्त्वाचें आहे. ‘लाम लाम’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला कोणी रोगी म्हणत नाहीं. ‘र’ उशिरांच येतो. पण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारें मूल शहरांतल्या शाळेंत आलें कीं त्याची वाणी अशुद्ध ठरते. तो त्याच्या आईचा उच्चार असतो, पिढ्यांचा असतो. उत्तम उपचारक त्याला हात लावीत नाहीं. आम्ही शिक्षकच लावतों. आपल्या देशांत हें शास्त्र शिकविणारी म्हैसूरची संस्था १९६५ मध्यें निघाली, आणि १९९२ च्या कायद्यानें या लोकांची नोंदणी सुरू झाली. पण जिल्ह्याच्या गांवीं अशा मुलाच्या वाणीचा निकाल अजून बहुधा मास्तर किंवा शेजारीण देते.

नातवाची अडखळण पुष्कळ कमी झाली आहे, पुरती गेलेली नाहीं. दर रविवारीं तो मला फोन करतो. परवां ‘आजोबा, मीं आज’ येथपर्यंत नीट आला आणि पुढें ‘ब’वर थांबला. बैल असेल, बस असेल, बर्फ असेल. तीन शब्द माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. पलीकडे अक्काच्या बांगड्या वाजल्या, पण तीहि कांहीं बोलली नाहीं. मग तो म्हणाला, ‘बेडूक पाहिला.’ बेडूक मला सुचला नव्हता.