ख्रिस्तसभेच्या बाहेर कोण?



दर रविवारी प्रवचन झाले की आपण उभे राहतो आणि विश्वासांगीकार म्हणतो. त्यात ख्रिस्तसभेची चार लक्षणे आपण सांगतो आणि त्यांपैकी एक म्हणजे ती ‘कॅथलिक’ आहे. हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की तो आता आडनावासारखा झाला आहे. शाळेच्या अर्जावर ‘धर्म: ख्रिस्ती’ लिहून पुढे ‘कॅथलिक’ लिहावे, तसा. मूळ ग्रीक भाषेत मात्र त्याचा अर्थ ‘समग्र’, ‘सर्वांना धरून असलेले’ असा आहे. अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांना दुसऱ्या शतकाच्या आरंभी रक्तसाक्षी होण्यासाठी रोमला नेले जात होते. वाटेत त्यांनी स्मुर्णा येथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले, त्यात ख्रिस्तसभेसाठी हा शब्द प्रथम आढळतो. त्या वेळी ख्रिस्ती माणसे सगळ्या रोमन साम्राज्यात मूठभर होती. तेव्हा हे विशेषण डोकी मोजून मिळालेले नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

मग जी सभा स्वतःला सर्वांची म्हणवते, तिच्यात नसलेल्यांचे काय? नोव्हेंबर हा मृतांचा महिना जवळ आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याला धर्मशास्त्रात रस असतो असे नाही. कुणाचे सासरे हिंदू होते, आयुष्यभर कुणाला फसवले नाही, गेल्या वर्षी वारले. कुणाची आई लग्नाआधीच्या घरची, देवभोळी, वारीला जाणारी. ‘फादर, ते आता कुठे असतील?’ अशा वेळी पुस्तकातले वाक्य तोंडावर फेकता येत नाही, आणि बरे वाटावे म्हणून काहीतरी गोड बोलणेही बरे नव्हे. ख्रिस्तसभा खरोखर काय शिकवते, तेच सांगितले पाहिजे.

हा प्रश्न एकदा अमेरिकेतील बॉस्टन शहरात फार तीव्रतेने उभा राहिला होता. त्या परिसरातील हार्वर्ड विद्यापीठाजवळ 1940 साली कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी सेंट बेनेडिक्ट सेंटर सुरू झाले. फादर लिओनार्ड फीनी हे नावाजलेले जेज्वीट लेखक तेथे शिकवीत. त्यांची भाषा ओघवती होती, तरुण त्यांच्याकडे ओढले जात. पुढे पुढे ते एकच गोष्ट ठासून सांगू लागले: ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, आणि त्याचा अर्थ असा की जो प्रत्यक्ष कॅथलिक नाही तो नरकात जाणार, त्यात सूट नाही, अपवाद नाही. 1949 साली त्यांच्या मताच्या काही प्राध्यापकांनी बॉस्टन कॉलेजवरच पाखंडाचा आरोप केला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. फादर फीनी रविवारी शहरातील मोठ्या मैदानावर भाषणे करीत आणि त्यांत ज्यू लोकांबद्दल अत्यंत कडवट बोलत. बॉस्टनचे आर्चबिशप रिचर्ड कुशिंग यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान ज्यू होते. तेव्हा त्यांच्यासाठीही हा वाद ग्रंथांपुरता नव्हता, तो जेवणाच्या मेजावर येऊन बसला होता.

प्रकरण रोमला गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी होली ऑफिसने, म्हणजे श्रद्धाविषयक शिकवणीचे रक्षण करणाऱ्या व्हॅटिकनच्या कार्यालयाने, आर्चबिशप कुशिंग यांना सविस्तर उत्तर पाठवले. ते उत्तर ना फादर फीनी यांच्या बाजूचे होते, ना ‘काहीही मानले तरी चालते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचे. ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही ही शिकवण खरी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पण तिचा अर्थ ख्रिस्तसभेने स्वतः लावायचा असतो, कुणा एका फादरने नव्हे, हेही सांगितले होते. तारणासाठी सभासद म्हणून नाव नोंदलेले असणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. इच्छेने आणि ओढीने तिच्याशी जोडलेले असणे पुरते. आणि ज्याला अज्ञानामुळे ही इच्छा शब्दांत मांडता येत नाही, त्याच्या बाबतीत देवाच्या इच्छेप्रमाणे वागण्याची मनाची तयारी हीच ती अव्यक्त इच्छा असू शकते. मात्र ही इच्छा पोकळ असून चालत नाही. तिच्यात देवावरील श्रद्धा आणि परिपूर्ण प्रीती असावी लागते.

फादर फीनी यांनी ऐकले नाही. रोमने बोलावले तरी ते गेले नाहीत आणि 1953 साली या अवज्ञेबद्दल त्यांना बहिष्कृत करण्यात आले. बाहेर कुणाचे तारण नाही असे सांगणारा माणूस असा स्वतःच बाहेर पडला. तरी त्यांनाही दार कायमचे बंद झाले नाही. 1972 साली त्यांचा ख्रिस्तसभेशी समेट झाला आणि 1978 साली ते तिच्या कुशीत मरण पावले.

आता कुणी म्हणेल, ‘ही इच्छेची भाषा विसाव्या शतकात सोयीसाठी काढली.’ तसे नाही. 392 साली सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ऐन तारुण्यात मरण पावला. त्याने स्नानसंस्कारासाठी मिलानचे बिशप संत अँब्रोज यांना बोलावणे धाडले होते, पण ते पोहोचण्याआधीच तो गेला. त्याच्या बहिणी आक्रोश करीत होत्या. भाऊ तर गेलाच, आणि तोही संस्काराविना. अंत्यविधीच्या प्रवचनात संत अँब्रोज यांनी त्यांना धीर दिला की त्याने जे मागितले होते ते त्याला मिळाले आहे, कारण मागणे त्याच्या हातात होते आणि त्याने ते केले होते. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार नीट मांडला. व्हॅलेंटिनियनची इच्छा उघड होती, आपल्या सासऱ्यांची तशी नव्हती, हा फरक आहेच. त्या उघड इच्छेपासून अव्यक्त इच्छेपर्यंत यायला ख्रिस्तसभेला पुष्कळ शतके लागली.

एवढी शतके का लागली? ‘बाहेर तारण नाही’ हे सूत्र तिसऱ्या शतकातील कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्या नावाशी जोडले जाते. त्यांच्यासमोर होते ते ख्रिस्तसभा फोडून वेगळी चूल मांडणारे लोक. म्हणजे हा इशारा घर सोडून चाललेल्यांना होता; ज्यांनी घर कधी पाहिलेच नाही त्यांच्याविषयीचा तो निकाल नव्हता. पुढे युरोप ख्रिस्ती झाला. सुवार्ता सर्वत्र पोहोचली आहे, तेव्हा जो बाहेर आहे तो स्वतःच्या दोषानेच बाहेर आहे, असे विद्वानांनाही वाटू लागले. 1442 साली फ्लॉरेन्सच्या महासभेने हे सूत्र अतिशय कठोर शब्दांत मांडले. ते शब्द आजही आपल्या परंपरेत आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांनी, 1492 मध्ये, कोलंबसची जहाजे अटलांटिक ओलांडून पलीकडे गेली. तेथे असंख्य माणसे पिढ्यानपिढ्या जगली होती, मेली होती आणि त्यांच्या कानांवर येशूचे नाव एकदाही पडले नव्हते. ज्याचे नावच ऐकले नाही त्याला नाकारले कसे म्हणायचे? स्पेनमधील सालामांका येथील धर्मपंडित या प्रश्नाने अस्वस्थ झाले आणि तेथून विचाराला वेगळे वळण लागले. सूत्र तेच राहिले, पण ते ज्यांना लावायचे ती माणसे कोण, हे नव्याने पाहावे लागले. 1863 साली पोप नववे पायस यांनी, जे काही मवाळ पोप म्हणून ओळखले जात नाहीत, इटलीच्या बिशपांना लिहिले की स्वतःचा दोष नसताना सत्य धर्माविषयी अज्ञानात असलेला आणि प्रामाणिकपणे जगणारा माणूस देवाच्या कृपेने अनंत जीवन मिळवू शकतो.

येथे एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. अज्ञान कुणालाही तारत नाही. ते फार तर दोष काढून घेते. तारते ती कृपा, आणि ती कृपा ख्रिस्ताचीच असते. आपल्या वाडीतले बावखल पाहा. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरींना गोडे पाणी राहते. दोन घरे पलीकडे पोहरा सोडणाऱ्या बाईला हे पाणी कुठून आले ते ठाऊक नसते. तरी तिची तहान भागते. उदाहरण ताणू नये, पण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी ‘लुमेन जेन्शियुम’ या दस्तऐवजात जे सांगितले ते समजायला त्याची मदत होते. जे स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान जाणत नाहीत, पण मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्‌विवेकाला कळेल तशी त्याची इच्छा पाळण्याचा कृपेच्या बळाने प्रयत्न करतात, त्यांना तारण मिळू शकते, असे महासभा म्हणते. याच्या पुढचा भाग कुणी वाचून दाखवत नाही. माणसे पुष्कळदा सैतानाच्या फसवणुकीला बळी पडतात आणि सत्याऐवजी असत्याला भजतात, असेही तेथे लिहिले आहे. ‘मिळू शकते’ याचा अर्थ ‘मिळालेच’ असा नव्हे, आणि हे आपल्यालाही लागू आहे. कारण त्याच प्रकरणात थोडे आधी असे म्हटले आहे की जो शरीराने ख्रिस्तसभेत आहे पण प्रीतीत टिकून राहत नाही, तो सभेत असूनही तरत नाही.

या घोषणेनंतर अकराव्या दिवशी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली होती. आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते दिवस आठवत असतील. 3 डिसेंबर 1964 रोजी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोप महोदयांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना म्हटली आणि तिच्यात देवाची ओढ आहे हे कबूल केले. महासभेने कागदावर लिहिलेले असे दोन आठवड्यांच्या आत आपल्या भूमीवर उच्चारले गेले.

‘म्हणजे सगळे धर्म सारखेच ना, फादर?’ असा पुढचा प्रश्न येतो. नाही. हे वाक्य सौजन्यापोटी बोलले जाते, पण त्यात कुणाचाच खरा आदर नसतो. येशू हा देवाचा पुत्र आहे किंवा नाही. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. शेजाऱ्याची श्रद्धा गंभीरपणे घ्यायची तर आपले आणि त्याचे कोठे जुळत नाही हे आधी मान्य करावे लागते. श्रद्धाविषयक कार्यालयाने 2000 साली ‘डोमिनुस येझुस’ या दस्तऐवजात हेच सांगितले आणि त्यावर बरेच वादळ उठले: ख्रिस्ताशेजारी तारणाच्या दुसऱ्या समांतर वाटा नाहीत, ज्याला तारण मिळते त्याला ते ख्रिस्ताकडूनच मिळते. याच्या उलट एक फाजील औदार्यही असते. जर्मन धर्मपंडित कार्ल राहनर यांनी अशा लोकांसाठी ‘अनामिक ख्रिस्ती’ हा शब्द वापरला. विचार म्हणून तो मोलाचा आहे, पण शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून ‘तुम्ही नकळत ख्रिस्तीच आहात’ असे म्हणू नये. ‘तुम्ही मुळात हिंदूच’ असे आपल्याला कुणी ऐकवले की कसे वाटते, ते आपण अनुभवतो.

बाहेरच्यालाही तारण मिळू शकते, तर आपण रविवारची मिस्सा, पापनिवेदन, उपवास हे सारे कशाला करायचे? तरुणांनी हे विचारले की आम्ही त्यांना द्राक्षमळ्याचा दाखला वाचायला सांगतो. पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुरतात, कारण शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढीच मजुरी मिळाली. त्यांची मजुरी कमी झालेली नव्हती. पण मळ्यातला दिवस त्यांना निव्वळ ओझे वाटला होता. ख्रिस्ताला ओळखणे, पापाची क्षमा झाल्याचे शब्द कानांनी ऐकणे, त्याचे शरीर तळहातावर घेणे, हे जर आपल्याला ओझे वाटत असेल, तर प्रश्न बाहेरच्यांच्या तारणाचा राहिलेला नाही. आणि ज्याला त्यात आनंद आहे तो ही सुवार्ता इतरांना सांगितल्याशिवाय राहत नाही. समोरचा नरकात जाईल या भीतीची त्याला गरज लागत नाही.

तर मग सासरे कुठे आहेत? हे आम्हाला ठाऊक नाही, जसे आमच्या स्वतःच्या मृत नातलगांविषयीही ठामपणे ठाऊक नाही. संत म्हणून जाहीर झालेल्यांखेरीज कुणाविषयीच ख्रिस्तसभा निश्चित विधान करीत नाही, आणि अमुक एक नरकात आहे असे तर तिने कुणाही माणसाविषयी कधीच जाहीर केलेले नाही. ती प्रार्थना करते. चौथ्या युखरिस्तिक प्रार्थनेत आपण केवळ ख्रिस्ती मृतांची आठवण करीत नाही, तर ज्यांच्या मनातली श्रद्धा एका देवालाच दिसली अशा मृतांचीही करतो. पुढच्या वेळी ही प्रार्थना होईल तेव्हा लक्ष देऊन ऐकावे.

1983 च्या धर्मसंहितेतील 901 वा नियम सांगतो की धर्मगुरू जिवंत वा मृत, कोणाही व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो. तेव्हा नोव्हेंबरमध्ये आपल्या हिंदू सासू-सासऱ्यांसाठी, मित्रासाठी, शेजाऱ्यासाठी मिस्सा हवी असल्यास संकोच करू नये. साक्रिस्टीतील वहीत नाव लिहावे. मात्र त्यांच्या घरच्यांना आधी सांगावे, आणि त्यांच्यापैकी कुणाला मिस्साला यायचे असेल तर बरोबर घेऊन यावे. परमप्रसादाच्या वेळी काय करायचे ते आम्ही त्यांना आधी समजावून सांगू.