रेशमी आसनाचे सोवळे

देवघरातल्या मूर्तीला रोज स्नान घडते, तांब्या-पळी चिंचेने घासून लखलखीत होते. पण चौरंगावरचे रेशमी आसन आणि मागचा छोटा लोड मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात. रेशीम मुळातच सोवळे, त्याला विटाळ होत नाही, असे त्याचे कारण सांगितले जाते. सुती धोतर रोज धुऊन कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवायचे आणि रेशमी मुकटा किंवा कद नुसता झटकून पुन्हा नेसायचा, ही रूढीही याच समजुतीतली. विटाळ न मानण्याला माझी हरकत नाही. उलट विटाळ कोणत्याच वस्तूला आणि कोणत्याच माणसाला नसावा. मात्र विटाळ नाही म्हणून मळही नाही, असे मानणे मला धर्माच्या दृष्टीनेही चूक वाटते.

शास्त्राचा दाखलाच हवा असेल, तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, तर क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याची वस्त्रे पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावीत, असे सांगितले आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीचा सविस्तर विचार केला आहे. मनुस्मृतीतली विषमता मला अमान्य आहे, म्हणून हा दाखला मी आज्ञा म्हणून देत नाही. रेशमाला शुद्धी लागते आणि ती धाग्याचा स्वभाव पाहून करावी लागते, हे जुन्या काळीही ठाऊक होते, एवढेच त्यातून दिसते.

यावर कोणी म्हणेल की धुतल्याने रेशीम खराब होते, म्हणूनच पूर्वजांनी ते न धुण्याची रीत घातली. यात तथ्य आहे. रेशीम हे प्रथिन आहे. तीव्र अल्काने ते झिजते आणि डाग काढणाऱ्या पावडरीतली प्रथिने तोडणारी विकरे धाग्यालाही सोडत नाहीत. आसनावरच्या हळदीच्या डागाला कपड्याचा साधा साबण लावून पाहा, पिवळा डाग क्षणात लालसर होतो. साबणातला अल्क तिथे डोळ्यांना दिसतो. पण न धुतलेले रेशीमही टिकत नाही. घामातले क्षार, तुपाचे थेंब आणि समईची काजळी धाग्यात मुरते आणि घडीवर कापड विरते. म्हणजे हात न लावण्याने वस्त्र वाचत नाही, त्याचा नाश फक्त लांबतो.

आत कापूस भरलेले आसन बुडवून धुऊ नये. आधी मऊ ब्रशने धूळ काढावी. रंग सुटतो का ते खालच्या कोपऱ्यावर पाहावे आणि सुटत असेल तर जाणकाराकडे द्यावे. नाहीतर गार पाण्यात सौम्य, अल्करहित साबणाचे दोन थेंब घालून, पांढरे सुती फडके घट्ट पिळून, न घासता टिपत जावे. मग स्वच्छ ओल्या फडक्याने साबण टिपून सावलीत वाळवावे. उन्हात रेशीम पिवळे पडते. यात वेळ जातो, लक्ष लागते, पूजेत व्यत्यय येतो अशीही तक्रार होईल. पण षोडशोपचारांत आवाहनानंतर लगेच आसनच येते. देवाला बसायला दिलेली जागा स्वच्छ ठेवणे हा त्याच उपचाराचा भाग आहे. तेव्हा येत्या सणाला नवे आसन आणण्याआधी जुने उजेडात धरून पाहा आणि ते स्वतःच्या हातांनी स्वच्छ करा.