काम नसताना उभं राहणं

टोकियोतल्या शिबुयाच्या रस्त्यावर १९९९ साली किमसूजा ही कोरियन कलावंत भर गर्दीत थांबली आणि तशीच उभी राहिली. ‘अ नीडल वुमन’ या तिच्या चित्रफितींची सुरुवात तिथे झाली. २००१पर्यंत शांघाय, दिल्ली, न्यूयॉर्क, मेक्सिको सिटी, कैरो, लेगॉस आणि लंडनमध्येही ती अशीच उभी राहिली. एकेक फीत जेमतेम साडेसहा मिनिटांची. आवाज नाही, गोष्ट नाही, कॅमेरा हलत नाही. दिसते ती तिची पाठ, राखाडी कपडे आणि मागे बांधलेले लांब काळे केस. चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

चेहराच नाही म्हटल्यावर आपली नजर समोरून येणाऱ्यांवर जाते. टोकियोत माणसं तिला वळसा घालून निघून जातात, जणू ती तिथे नाहीच. लेगॉसमध्ये मुलं समोर येऊन थांबतात आणि टक लावून बघत राहतात. बाई तीच, उभं राहणं तेच. बदलतं ते शहर. तिने काहीच न केल्यामुळे प्रत्येक शहराची वागण्याची तऱ्हा उघडी पडते. म्हणूनच तिच्या स्थिरतेला मी ध्यानधारणा म्हणणार नाही. ध्यानस्थ माणूस डोळे मिटून घेतो. ही जगाला सामोरी उभी आहे.

त्याहून धीट गोष्ट म्हणजे, एक बाई रस्त्यात विनाकारण उभी आहे. पुरुष पानटपरीपाशी तासभर रेंगाळला तरी कुणी हटकत नाही. बाईला मात्र काहीतरी निमित्त लागतं: बसची वाट, भाजीची पिशवी, निदान कानाला फोन. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं. बाहेर असण्यासाठी बाईला काम दाखवावं लागतं, आणि नुसतं रेंगाळता येणं हाही तिचा शहरावरचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं.

ते मला पूर्ण पटतं. आपल्याकडे बायकांच्या सुरक्षिततेची चर्चा दिवे, पोलीस आणि ‘वेळेत घरी ये’ यापुढे सरकत नाही. बाई सुखरूप घरी पोचली की शहराची जबाबदारी संपली, असंच आपण धरून चालतो. पण शहर फक्त ओलांडून जाण्यासाठी नसतं. किमसूजाच्या मागे कॅमेरा होता, कलेचं निमित्त होतं. ज्या चौकात कुठल्याही बाईला कसलंही निमित्त न सांगता हवा तितका वेळ उभं राहता येईल, तोच चौक खऱ्या अर्थाने सार्वजनिक.