हिशेब दाखवावा, मागू नये

लक्ष्मीपूजनाला जमाखर्चाच्या वहीला हळदकुंकू वाहणारे आपण ती वही मुलांपुढे मात्र उघडीत नाही. ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणायचे आणि पाटल्या मुकाट्याने सोनाराकडे न्यायच्या, ही आपली मायेची रीत. मला या मायेत थोडा अविश्वास दिसतो. अठराव्या वर्षी ज्याच्या हाती मत सोपवतो, त्याला घरातला एक आकडा पेलणार नाही असे का मानावे?

बँक तसे मानीत नाही. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर आईबापांबरोबर मुलाचीही सही लागते. हप्ते बहुधा शिक्षण संपून वर्ष उलटल्यावर सुरू होतात. व्याज मात्र साधारणपणे आधीपासूनच चढत असते. म्हणून सहीपूर्वी, खरे तर दहावीनंतरच, सर्वांनी बसून मांडणी करावी: एकीकडे फी, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, दुसरीकडे बचत, शिष्यवृत्ती आणि उरलेच तर कर्ज.

परंतु दाखवलेला हिशेब म्हणजे वसुलीची नोटीस नव्हे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना ‘कमवा आणि शिका’ असे सांगितले. त्याच घरात लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. ती मुले पोटची नव्हती. म्हातारपणाची काठी म्हणून त्यांच्याकडे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. कष्ट मुलांनी जाणावेत. दान मात्र दानच राहावे.

‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य एकदा तोंडून निघाले, की दानाचे कर्ज होते. आणि त्या कर्जाचे हप्ते कधीच संपत नाहीत.