राखणदाराची झोप

जो आपल्यासाठी जागतो, त्याचे आपण काय देणे लागतो? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न क्वचितच आढळतो. पोशिंद्याचे ऋण, गुरूचे ऋण, मातापित्यांचे ऋण यांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले. परंतु ज्याच्या जागरणावर आपली झोप उभी असते, त्याच्या ऋणाचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही. झोपलेल्या माणसाला हिशेब सुचत नाहीत, हे त्याचे एक कारण असू शकेल!

आपल्या घरांतील तरुण मंडळींमध्ये शनिवार-रविवारी रानात मुक्कामाला जाण्याची हौस अलीकडे चांगलीच रुजली आहे. इंदूरकरांना चोरल आणि जानापाव जवळ, वडोदऱ्याच्या मंडळींना जांबुघोडा. तंबूऐवजी पुष्कळजण आता हॅमॉक नेतात. दोन झाडांना पट्टे आवळायचे, मध्ये कापडाची झोळी ताणायची आणि तीत आडवे व्हायचे. ही कल्पना मूळची कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांची. 1492 मध्ये कोलंबसाच्या माणसांनी ती तेथे पाहिली आणि पुढे ती जहाजांवर गेली. आपल्याकडे जुन्या लुगड्याची झोळी तान्ह्या बाळासाठी बांधत. मोठा माणूस पुन्हा झोळीत शिरतो आहे, याची मला थोडी गंमत वाटते. ते असो.

या मंडळींबरोबर आता घरचा कुत्राही जातो. माझ्या पुतणीने मागे मला विचारले, “काका, याला बरोबर नेलं तर चालेल ना? रात्री सोबतही होईल.” प्रश्न साधा होता, पण ‘सोबत’ या शब्दाने मला बराच वेळ गुंतवून ठेवले.

झोळीचा मुख्य गुण असा की ती माणसाला जमिनीपासून वर उचलते. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसांना झोपेतच दंश करतो, हे ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. विंचू, ओल, मुंग्या या सर्वांपासून झोळीतला माणूस सुटतो. कुत्रा मात्र खालीच असतो, आणि त्यातही बांधलेला. ज्या भूमीला भिऊन आपण वर चढलो, तिच्यावर आपल्या सोबत्याला ठेवून आपण निश्चिंत होतो. हातभर उंचीचेच हे अंतर. परंतु सारा नैतिक प्रश्न त्या हातभर अंतरात लोंबकळतो आहे.

कुत्रा रात्री कसा झोपतो, याचा अभ्यास झालेला आहे. सुमारे 16 मिनिटे झोप आणि 5 मिनिटे जाग, अशी त्याची आवर्तने रात्रभर चालू असतात. आपली झोप सलग असते, त्याची तुकड्यातुकड्यांची. रानात तर प्रत्येक पाचोळा त्याच्या कानांशी बोलतो. नोकरीच्या काळात निमाडातील खेड्यांत शाळेच्या ओसरीवर मुक्काम पडे, तेव्हा गावचा कोटवार शेकोटी पेटवून बसलेला असे. त्याच्या खोकल्याचा आवाज ऐकत निर्धास्त झोप लागे. परंतु कोटवाराला मानधन होते, त्याची तक्रार ऐकणारे तहसील कार्यालय होते, आणि मुख्य म्हणजे ‘आज माझ्याने होणार नाही’ असे सांगण्याची वाचा होती. कुत्र्याजवळ यांपैकी काहीच नाही.

आता बिबट्याचा विचार करू. महाराष्ट्रातील अकोले परिसरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, बिबट्याच्या आहाराचा अभ्यास करण्यात आला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याचा वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के भाग कुत्र्यांचा होता. म्हणजे बिबट्याला माणसापेक्षा कुत्र्याचे आकर्षण कितीतरी अधिक. विंध्याद्रीच्या ज्या उतारांवर आपली मुले झोळ्या बांधतात, तेथेही बिबटे आहेत. अशा ठिकाणी झाडाला बांधलेल्या कुत्र्यास राखणदार म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. त्याला आमिष म्हणावे लागेल.

येथे कोणी म्हणेल की मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. मला ते मान्य नाही. धनगराचा तळ शेतात पडतो तेव्हा त्याचा कुत्रा मोकळा असतो आणि धनगर स्वतः घोंगडी पसरून त्याच जमिनीवर असतो. कुत्रा भुंकला की तो काठी घेऊन उठतो. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मानेवर झडप घालतो. तेथे संकट दोघांचे आहे आणि त्याची तरतूदही दोघांसाठी आहे. झोळीत मात्र संकटाची वाटणी होत नाही. ते खाली ढकलले जाते.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने आपल्या नीतिविषयक व्याख्यानांत कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. म्हाताऱ्या, इमानी कुत्र्याला निरुपयोगी झाला म्हणून गोळी घालणारा मनुष्य कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नाही, तो स्वतःतील माणुसकीची हानी करतो, असे त्याचे प्रतिपादन. कर्तव्य अखेर माणसाशीच. महाप्रस्थानिक पर्वातील युधिष्ठिर याहून पुढे जातो. हस्तिनापुरापासून मागे आलेल्या कुत्र्याला सोडून रथात चढण्यास तो इंद्राला नकार देतो, आणि त्याचे कारण स्वतःची माणुसकी हे नसून त्या आश्रिताचा हक्क हे आहे. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. कीर्तनांत हा भाग घाईने सांगितला जातो. आणखी एक भेद असा, की तो कुत्रा आपण होऊन आला होता. आपला कुत्रा दोरीने येतो.

पुतणीचे म्हणणे याउलट होते. पिशवी बाहेर काढताच तो दाराशी जाऊन बसतो, नेले नाही तर दोन दिवस जेवत नाही. मग त्याची संमती नाही असे कसे म्हणावे? हा युक्तिवाद दुबळा नाही. परंतु तो येतो तो आपल्या सहवासासाठी. बिबट्या आणि मण्यार यांना त्याने संमती दिलेली नसते. मी तिला एवढेच सांगितले की बिबट्याचा वावर असेल तेथे झोळी घरी ठेव, बंद होणारा तंबू ने आणि त्याला आत घे. रान निर्धोक असेल तर झोळी अवश्य बांध, पण गुडघ्याइतकीच उंच. खाली त्याच्यासाठी घडी घातलेली सतरंजी असावी आणि तुझा हात त्याच्या पाठीपर्यंत पोहोचावा. भुंकला तर त्याला दटावण्यापूर्वी उतरून पाहावे. त्याला लसी टोचलेल्या असाव्यात, हेही सांगितले. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला होता. रानाचेही आपण काही लागतो.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 55 वे सूक्त या संदर्भात मला वारंवार आठवते. त्यात सरमेच्या वंशातील कुत्र्याला सांगितले आहे की चोरावर भुंक, आमच्यावर का भुंकतोस? नीज. हे सूक्त कोणाच्या तोंडचे, याविषयी परंपरेत एक मिश्कील कथा आहे: वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरात शिरले, कुत्रा अंगावर धावून आला आणि त्यांनी त्याला असे निजविले. तसे असेल तर हे राखणदाराला फसविण्याचे अंगाईगीत ठरते. परंतु पुढे घरातील एकेकाला निजविताना जो क्रम येतो, तो पाहण्याजोगा आहे. आधी माता, मग पिता, त्यानंतर कुत्रा, आणि घराचा धनी त्याच्याही मागून.