आजचं चिंतन: चार घड्याळं

आज याज्ञवल्क्यस्मृती १.७. धर्माची मुळं पाच: श्रुती, स्मृती, सदाचार, स्वतःला प्रिय ते, नि नीट संकल्पातून आलेली इच्छा. एकच प्रमाण पुरलं नसतं का?

सर्व्हरचं घड्याळ लावताना कळलं. टाइम सर्व्हर एकच दिला, तर तो चुकल्याचं समजत नाही. दोघांचं पटलं नाही तर खरा कोण, म्हणून तिसरा. एखादा बंद पडेल, म्हणून चौथा. मग बहुमत. (चौघं एकाच ठिकाणाहून वेळ घेत असतील तर ते एकच, सत्संग ग्रुपांतल्या फॉरवर्डसारखे!)

जळगावचा सूर्य मात्र प्रमाणवेळेच्या सरासरी २८ मिनिटं मागे, धुळ्याचा ३१. खोटा तोही नाही.

पण बहुमतच चुकलं तर? एनटीपी तिथे फसतं. धुळ्यात एका लग्नाच्या बैठकीत हुंड्याचा आकडा निघाला. 'आपल्यात असंच असतं' म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. आतलं एक घड्याळ वेगळं बोलत होतं. मी त्यालाच चुकीचं धरलं.